घारीचा अंगठा आणि विमानाचा पंख

रायगडाच्या कड्यांभोवती किंवा पोलादपूरच्या घाटउतारांवर घिरट्या घालणारी घार खाली उतरू लागते, तेव्हा ती पंख पुढून उचलून वेग कमी करते आणि त्याच वेळी पंखाच्या पुढच्या कडेवरची, अंगठ्याच्या हाडावर उगवलेली मोजकी आखूड पिसे उभारते; या पिसांच्या झुपक्याला अल्युला म्हणतात.

पंखाला लागून वाहणाऱ्या हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. लुडविग प्रांट्ल यांनी 1904 साली ज्याची संकल्पना मांडली, तो हा सीमास्तर होय. सावित्री नदीच्या काठालगतचे पाणी जसे मधल्या धारेपेक्षा संथ असते, तसाच हा थर संथ असतो, आणि पंख फार उचलला गेल्यास मागच्या बाजूच्या वाढत्या दाबापुढे तो टिकू न शकल्याने पृष्ठभागापासून सुटतो, उचलणारे बल घटते आणि वैमानिक ज्याला स्टॉल म्हणतात ती स्थिती येते. यावरचा उपाय म्हणजे पंखावर तिरप्या बसवलेल्या छोट्या पात्यांची रांग, अर्थात व्हॉर्टेक्स जनरेटर: प्रत्येक पात्याच्या टोकापासून प्रवाहाच्या दिशेने लांबत जाणारा भोवरा निघतो आणि तो वरची वेगवान हवा खाली ओढून मंद थरात मिसळतो.

ही युक्ती पक्ष्यांकडून उचलली गेल्याचे सर्रास सांगितले जाते. परंतु या दाव्यामुळे एच. डी. टेलर यांच्यावर अन्याय होतो. अमेरिकेतील युनायटेड एअरक्राफ्टमध्ये 1947 साली त्यांच्यासमोर घार नव्हती, तर रुंदावत जाणाऱ्या वायुमार्गात भिंतीपासून सुटणारा प्रवाह होता, आणि त्या रुक्ष अडचणीतूनच ही पाती जन्मली. अल्युलाच्या टोकाशीही असाच भोवरा निर्माण होऊन प्रवाह पंखाला धरून राहतो, हे दक्षिण कोरियातील संशोधकांनी मॅगपाय पक्ष्यांच्या पंखांवरील प्रयोगांतून 2015 साली, म्हणजे तब्बल 68 वर्षांनी दाखवले. स्पेनमध्ये सापडलेल्या, सुमारे 12 कोटी वर्षांपूर्वीच्या इओअल्युलाविस या पक्ष्याच्या जीवाश्मातही अल्युला आहे, हे ध्यानात घेतले तर दोन स्वतंत्र वाटांनी एकाच उत्तरापाशी पोहोचणे हे नकलेच्या कथेहून कितीतरी अधिक विस्मयकारक ठरते.

तरीही एका बाबतीत पक्षी सरस आहे. विमानावरील पाती बहुधा कायमची जडवलेली असल्याने, त्यांची गरज नसलेल्या उड्डाणातही ती हवेचा थोडा रोध वाढवतात आणि त्यामुळे इंधन खर्ची पडते. घार मात्र वेगाने तरंगताना तीच पिसे पंखाशी सपाट मिटवून ठेवते.