क्लच बिघडला कीं गिअर?

मी यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. मॅट्रिकपर्यंतचें शिक्षण आणि प्राथमिक शाळेंतील पस्तीस वर्षांची शिक्षकी, एवढीच माझी शिदोरी. तेव्हां मोटारीच्या पोटांतील गोष्टी मीं आपणांस सांगाव्या, हें कित्येकांस धाडसाचें वाटेल. परंतु ज्या विद्यार्थ्यास एखादें गणित फार दिवस सुटत नाहीं, तोच पुढें तें इतरांस अधिक सोपें करून सांगतो, असा माझा वर्गांतील अनुभव आहे. आणि या गणितानें मला पुरते आठ महिने छळलें आहे.

निवृत्तीनंतर २०१८ सालीं मीं एक जुनी मारुती ८०० विकत घेतली. ही गाडी आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. १४ डिसेंबर १९८३ रोजीं तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्तें पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली आणि २०१४ च्या जानेवारींत तिचें उत्पादन थांबलें. तीन सिलिंडरांचें ७९६ घनसेंटिमीटरचें इंजिन, पुढचीं दोन चाकें ओढणारीं, आणि माझ्या गाडींत पुढें जाण्याचे गिअर चार. वाहन लहान, खर्च बेताचा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसास शोभेल असें.

२०१९ च्या मे महिन्यांत दोन्ही नातींना घेऊन मी वाईहून पांचगणीस निघालों होतों. पसरणीच्या घाटांत एका वळणावर समोरून मालमोटार आली म्हणून थांबलों, आणि पुन्हां निघतांना पहिला गिअर कांहीं केल्या पडेना. क्लच तळापर्यंत दाबलेला, दांडा हातांत, आणि आंतून दांत खाल्ल्यासारखा कर्र आवाज. मागें वाहनांची रांग लागलेली, कर्णे वाजत आहेत, धाकटी नात रडकुंडीस आलेली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलें, पहिला गिअर टाकून तसेंच चालू केलें, आणि गाडी धक्के देत पुढें निघाली. वर पोहोंचेपर्यंत मी घामानें निथळलों होतों.

दुसऱ्या दिवशीं गाडी एका कारखान्यांत दाखविली. तेथील मनुष्यानें दांडा दोनदां हलविला, आवाज ऐकला, आणि गिअरबॉक्स उतरवून आंतील चक्रें बदलावीं लागतील असें सांगून १६,००० रुपयांचा अंदाज दिला. मी होकार देऊन घरीं आलों. सायंकाळीं शेजारीं राहणारे एस्. टी.चे निवृत्त चालक अण्णा ओट्यावर येऊन बसले. हकीगत ऐकून त्यांनीं एकच प्रश्न विचारला: ‘‘गुरुजी, इंजान बंद असतांना गिअर पडतो का?’’

श्रोतेहो, आजच्या भाषणाचें सारें सार या प्रश्नांत आहे. पण तो कां विचारावयाचा हें कळण्यासाठीं क्लचची रचना थोडी पाहिली पाहिजे.

इंजिन एकदां चालू झालें कीं तें फिरतच राहतें. चाकांना मात्र मधून मधून थांबावें लागतें. या दोहोंना हवें तेव्हां जोडणारा आणि हवें तेव्हां तोडणारा दुवा म्हणजे क्लच. स्वयंपाकघरांतील दोन थाळ्या डोळ्यांपुढें आणा. एक फिरती आहे. तिच्यावर दुसरी घट्ट दाबली तर तीही फिरूं लागेल, जरा उचलली तर थांबेल. इंजिनाच्या टोकाशीं असलेलें जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, ही पहिली थाळी. दुसरी म्हणजे क्लचप्लेट. तिच्या दोन्ही अंगांस ब्रेकच्या अस्तरासारखें अस्तर असतें, आणि गिअरबॉक्समध्यें जाणारा दांडा तिच्या मध्याशीं बसविलेला असतो. तिला फ्लायव्हीलवर दाबून धरण्याचें काम एक जोरकस स्प्रिंग आणि प्रेशर प्लेट करितात. आपण पेडल दाबतों तेव्हां एक केबल ओढली जाते, केबल एका आंकड्याला हलविते, आंकडा रिलीज बेअरिंगला पुढें ढकलतो, आणि बेअरिंग त्या स्प्रिंगचा दाब काढून घेतें. क्लचप्लेट मोकळी होते.

यांत ध्यानांत ठेवण्याची गोष्ट अशी कीं, पायाखालचें पेडल कित्येक इंच खालीं जातें, परंतु आंत प्लेटीला मिळणारी मोकळीक जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटरची असते. म्हणून केबल अगदीं थोडी सैल पडली किंवा तिचे चार तंतू तुटले, तरी ती मोकळीक नाहींशी होते. पेडल पूर्ण दाबलेलें असतें. प्लेट मात्र अर्धवट चिकटलेलीच राहते.

अशा स्थितींत गिअर कां पडत नाहीं? गिअर टाकणें म्हणजे वेगवेगळ्या गतीनें फिरणारे दोन भाग एकमेकांत अडकविणें होय. पूर्वीच्या मोटारींत या गति जुळविण्याचें कसब चालकाच्या पायांत असावें लागे. क्लच दोनदां दाबून, मध्यें इंजिनाला किंचित् फिरवून, तो तें साधी. जुन्या मालमोटारी चालविलेल्या माणसांची ती संवय अजूनही सुटलेली नाहीं; अण्णा माझ्या लहान गाडींतही क्लच दोनदां दाबतात! १९२८ सालीं अमेरिकेंतील कॅडिलॅक मोटारींत सिंक्रोमेश ही योजना आली. तींत गिअर अडकण्यापूर्वीं एक शंक्वाकृति कडी घर्षणानें दोन्ही भागांच्या गति सारख्या करिते. परंतु या कडीचें बळ तें किती! क्लचप्लेट मोकळी असेल तरच ती तिला आवरूं शकते. प्लेट अर्धवट चिकटलेली असली, तर कडीची झुंज साऱ्या इंजिनाशीं लागते. तोच तो कर्र आवाज. आणि आपण दांडा जोरानें रेटीत राहिलों, तर ती कडी झिजून जाते. म्हणजे शेंदोनशें रुपयांच्या दोषाकडे दुर्लक्ष करून आपण हजारोंचा दोष आपल्या हातानें निर्माण करितों.

आतां अण्णांची परीक्षा. गाडी सपाट जागीं उभी करावी, हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद ठेवावें. मग क्लच दाबून सर्व गिअर एकामागून एक टाकून पाहावे. एखादा अडला तर गाडी तसूभर पुढेंमागें हलवून पुन्हां पाहावें. कारण दातांसमोर दात आले म्हणजे चांगला गिअरही अडतो. इंजिन बंद असतां सर्व गिअर लोण्यांतून सुरी जावी तसे पडत असतील, आणि चालू केल्यावर मात्र पडत नसतील, तर दोष गिअरबॉक्सचा नव्हे. क्लच सुटत नाहीं हें बहुतेक निश्चित. उलट, इंजिन बंद असतांही दांडा तसाच अडत असेल, तर क्लचला दोष देणें व्यर्थ.

खात्रीसाठीं दुसरी एक परीक्षा आहे. इंजिन मंद गतीनें चालूं द्यावें, समोर व मागें मोकळी जागा असावी, क्लच पूर्ण दाबून मनांत चार अंक मोजावे आणि मग रिव्हर्स टाकावा. लहान गाड्यांत रिव्हर्सला ती गति जुळविणारी कडी बहुधा नसते, म्हणून तो खोटें बोलत नाहीं. चार अंक मोजूनही तो खरखरला, तर प्लेट आंत अजून फिरत आहे असें समजावें. घाईनें टाकल्यावर खरखरला तर तो दोष गाडीचा नसून आपल्या उतावळेपणाचा!

माझ्या गाडीचे सारे गिअर इंजिन बंद असतां सुखानें पडले. अण्णांनीं विजेरी घेऊन पेडलाच्या वर, आंतल्या काळोखांत पाहिलें. केबलीच्या टोकाशीं तंतू विसकटून केरसुणीसारखे झाले होते. नवी केबल बसली आणि गाडी पूर्ववत् चालूं लागली. कारखान्यांतील माणूस लबाड होता असें मी म्हणणार नाहीं. त्यानें आवाज गिअरबॉक्समधून ऐकला आणि दोष तेथेंच आहे असें मानलें. मुलाचें उत्तर चुकलें म्हणजे तें ‘ढ’ आहे असें मानणारे शिक्षकही मीं पाहिले आहेत.

याच्या नेमका उलट दोष म्हणजे क्लच घसरणें. येथें गिअर सुरेख पडतात, परंतु चढावर इंजिनाचा आवाज वाढतो आणि गाडीचा वेग वाढत नाहीं. जळक्या अस्तराचा उग्र वास येतो. याचें कारण झिजलेली प्लेट, तिच्यावर गळलेलें तेल, किंवा केबल फार ताणून बसविलेली. पेडलाला आरंभीं थोडी निर्भार हालचाल असावी लागते; तिचें माप गाडीच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. ती मुळींच नसेल, तर पाय काढल्यावरही क्लच किंचित् दाबलेलाच राहतो. पेडलावर पाय टेकवून गाडी हांकणारे गृहस्थ, आणि घाटांत हँडब्रेकऐवजीं क्लचवर गाडी तोलून धरणारे, हें अस्तर स्वहस्तें जाळीत असतात. दुसराही अपराध मीं पुष्कळ वेळां केला आहे.

आवाजावरूनही बराच बोध होतो. पेडल दाबतांच घरघर सुरू होऊन सोडतांच थांबली, तर रिलीज बेअरिंग झिजलें आहे. याउलट न्यूट्रलमध्यें पेडल मोकळें असतां घरघर येते आणि दाबतांच थांबते, तर गिअरबॉक्समधील पुढच्या दांड्याच्या बेअरिंगकडे संशय जातो.

आतां खरोखर गिअरकडील दोष. सर्व गिअर अडत नाहींत, एकटा दुसराच खरखरतो, असें असेल तर त्याची सिंक्रो कडी झिजली असें समजावें. येथें मात्र गिअरबॉक्स उघडण्यास पर्याय नाहीं. पण दांडा सैल झाला आहे, पहिला टाकूं जातां तिसरा पडतो, गिअर शोधावा लागतो, अशी तक्रार असेल, तर आधीं गाडीखालीं वांकून पाहावें. दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळईच्या सांध्यांत लहान बुश असतात. ते झिजले कीं दांड्याची आज्ञा नीट पोहोंचत नाहीं. ते स्वस्तांत मिळतात. गिअर आपोआप निसटत असेल तर इंजिन ज्या रबरी आधारांवर बसविलेलें असतें तेही तपासावे. ते फाटले म्हणजे इंजिन डोलतें आणि सळईला ओढतें. तेल बदलतांनाही पुस्तिकेंत सांगितलेलेंच घालावें. कांहीं तेलांतील गंधकयुक्त द्रव्यें पितळी कड्यांना मानवत नाहींत.

महाबळेश्वर किंवा कोंकण भागांतील श्रोत्यांसाठीं एक गोष्ट निराळी सांगतों. पावसाळ्यांत दोन-तीन महिने गाडी उभी राहिली, तर क्लचप्लेट गंजानें फ्लायव्हीललाच चिकटते. केबल नवी, पेडल उत्तम, तरी गिअर पडत नाहीं. अशा वेळीं गिअरमध्यें गाडी चालू करण्याचें धाडस घराच्या अंगणांत, भिंतीसमोर, करूं नये, जाणत्यास बोलवावें.

माझें गणित मात्र अजून सुटलें नव्हतें. नवी केबल सात महिन्यांतच पुन्हां जड झाली आणि तिचे तंतू पुन्हां सुटूं लागले. या वेळीं अण्णांनीं मला किल्ली फिरवावयास सांगितलें आणि स्वतः केबलीवर हात ठेवला. दोन-तीनदां स्टार्टर फिरतांच केबल ऊन झाली! इंजिनापासून गाडीच्या सांगाड्यास जाणारी अर्थिंगची जाड तार टोकाशीं गंजून तुटत आली होती. स्टार्टरला लागणारा प्रचंड विद्युत्प्रवाह परतीचा रस्ता शोधीत क्लचच्या केबलीतून जात होता, आणि तिच्या आंतलें प्लॅस्टिकचें अस्तर वितळून तंतू घांसले जात होते. मागील कित्येक महिने स्टार्टर रडत रडत फिरे. मी तो दोष बिचाऱ्या बॅटरीच्या माथीं मारीत आलों होतों.

ती तार आणि केबल, दोन्ही एकाच दिवशीं बदलल्या. तें साल २०२० चें, संक्रांतीचे दिवस होते. केबल अजून तीच आहे.