शताब्दीची ‘रिंग’

रिखार्ड वाग्नर या जर्मन संगीतकाराची ‘डेर रिंग देस निबेलुंगेन’ ही चार भागांची संगीतिका ऑगस्ट १८७६ मध्ये बायरॉइटच्या नाट्यगृहात प्रथमच संपूर्ण सादर झाली. जर्मन आणि नॉर्स पुराणकथांवर बेतलेला हा खेळ सुमारे पंधरा तासांचा आहे. अल्बेरिश हा बुटका प्रेमाचा त्याग करतो, ऱ्हाइन नदीतले सोने पळवतो आणि त्यातून जगावर सत्ता देणारी अंगठी घडवतो. तिच्या लोभापायी अखेर देवराज वोटानसह सारे देवकुळ लयाला जाते.

सुरुवातीच्या प्रयोगांत शिरस्त्राणे आणि भाले असा प्राचीन थाट असे. वाग्नरचा नातू वीलांट याने १९५१ पासून रंगमंच जवळजवळ रिकामा केला आणि सारा भर प्रकाशयोजनेवर दिला. १९७६ च्या शताब्दी प्रयोगाचे दिग्दर्शन मात्र ३१ वर्षांच्या पात्रिस शेरो या फ्रेंच दिग्दर्शकाकडे आले. वाद्यवृंदाचे संचालन पिएर बुलेझ यांनी, तर नेपथ्य रिशार पेदुझी यांनी केले.

शेरो यांनी मूळ शब्द आणि संगीत तसेच ठेवले. बदलला तो कथेचा काळ. सोन्याची राखण करणाऱ्या जलकन्यांची नदी जलविद्युत धरणापाशी आली, देव एकोणिसाव्या शतकातील धनिकांच्या पेहरावात वावरू लागले आणि कथानायक सीगफ्रीडची तलवार यांत्रिक घणाखाली घडली. शेवटी देवांचा महाल वाल्हाला जळत असताना रंगमंचावरचा जनसमुदाय वळून प्रेक्षकांकडे पाहतो. देवांनंतरच्या जगाची जबाबदारी अशा रीतीने माणसांवर येते.

या मांडणीला वाग्नरच्या चरित्रातच आधार होता. ‘रिंग’चे लेखन १८४८ मध्ये सुरू झाले. पुढच्याच वर्षी ड्रेस्डेनच्या क्रांतिकारी उठावात भाग घेतल्याने वाग्नरला परागंदा व्हावे लागले. जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनीही १८९८ मध्ये या कथेत भांडवलशाहीचे रूपक पाहिले होते.

पहिल्या वर्षी प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवून आणि आरडाओरडा करून निषेध केला. १९८० च्या अखेरच्या प्रयोगानंतर मात्र टाळ्यांचा कडकडाट तासाहून अधिक काळ चालला. दूरचित्रवाणीसाठी झालेल्या चित्रीकरणामुळे हा प्रयोग जगभर पोचला. नव्या अर्थाचे बीज मूळ कलाकृतीतच असेल, तर काळ बदलूनही तिच्याशी इमान राखता येते, हे या ‘रिंग’ने सिद्ध केले.