शिंगराचा पहिला घोट

गाई-म्हशीच्या चिकाचा खरवस आपण मिटक्या मारत खातो. घोडीचा चीक मात्र शिंगरालाच हवा, आणि तोही लगेच. अकरा महिने पोटात वाढूनही त्याला आईची रोगप्रतिकारक प्रथिनं जवळजवळ मिळत नाहीत. घोडीची वार ती पलीकडे जाऊच देत नाही. ती साठतात चिकात. नवजात शिंगराचं आतडं ती न पचवता अख्खीच रक्तात सोडतं. पण हे आतडं म्हणजे बँकेची खिडकी: सुरुवातीला सताड उघडी, चोवीस तासांत बंद! बाप डर्बी जिंकलेला असला तरी सवलत नाही. म्हणून स्टड फार्मवर शिंगरू तासाभरात उभं राहिलं का, दोन तासांत प्यायलं का, यावर नजर असते. आईला चीक कमी असेल तर दुसऱ्या घोडीचा गोठवलेला चीक कोमट करून पाजतात. खिडकी बंद झाल्यावर मात्र निरोगी घोड्याचा रक्तद्रव शिरेतूनच द्यावा लागतो.