गाईला सगळं ठाऊक असतं

पावसाळ्यात भातशेतात पाणी साचून राहतं, आणि त्याच पाण्यात क्युलेक्स जातीचे डास वाढतात. तिन्हीसांज झाली की त्यांच्या माद्या गोठ्याकडे वळतात. माणसापेक्षा गुरांचं रक्त त्यांना अधिक प्रिय. त्यांतली एखादी आधी बगळ्याला किंवा डुकराला चावून आली असेल, तर तिच्या लाळेत जपानी मेंदूज्वराचा विषाणू असू शकतो. बगळ्यांत आणि डुकरांत तो भराभर वाढतो. माणसाच्या मेंदूपर्यंत पोचला तर जिवावर बेततं.

गाईला मात्र सहसा काहीच होत नाही. तिच्या रक्तात विषाणू इतका वाढतच नाही की पुढच्या डासाला तो मिळावा. पण तिचं शरीर त्याला ओळखतं आणि प्रतिपिंडं तयार करतं. ती रक्तात दीर्घकाळ राहतात. आजारी न पडलेली गाय अशी साक्षीदार होते!

ही साक्ष काढायची रीत पाहण्यासारखी आहे. मानेच्या शिरेतून थोडं रक्त घ्यायचं, ते गोठलं की वरचा पिवळसर द्रव वेगळा करायचा. एका जुन्या चाचणीत त्यात विषाणूचा अंश आणि हंसाच्या तांबड्या पेशी मिसळतात. प्रतिपिंडं नसतील तर विषाणू पेशींना एकमेकींना चिकटवतो आणि तळाशी पातळ थर पसरतो. प्रतिपिंडं असतील तर ती विषाणूलाच धरून ठेवतात. मोकळ्या पेशी खाली घरंगळतात आणि कुंकवाच्या टिकलीसारखा गोल ठिपका उमटतो. वेस्ट नाईल या जवळच्या भाऊबंद विषाणूविरुद्धची प्रतिपिंडंही असाच ठिपका उमटवू शकतात, म्हणून जिवंत विषाणूवर फेरतपासणी करतात.

वासराची साक्ष तर आणखी नेमकी. आईच्या चिकातून मिळालेली प्रतिपिंडं काही महिन्यांत ओसरतात. त्यानंतरही ती सापडली, तर विषाणू त्या वासराच्या हयातीतच गोठ्यापर्यंत आला होता!

रक्त आधी बोलतं, हे आपल्याकडे घडलेलं आहे. पुण्याचं व्हायरस रिसर्च सेंटर, म्हणजे आजची राष्ट्रीय विषाणू संस्था, 1952 साली सुरू झालं. त्याच वर्षी नागपूरकडच्या माणसांच्या रक्तात या विषाणूच्या खुणा आढळल्या. भारतातले पहिले रुग्ण ओळखले गेले ते 1955 साली, वेल्लोर भागात.

म्हणून पशुवैद्य रक्ताचा नमुना घ्यायला आले, तर आपली गाय निरोगी आहे म्हणून त्यांना परत पाठवू नका. निरोगी गाईचीच साक्ष विषाणूची चाहूल आधी देते आणि गावातल्या मुलांच्या कामी येते.