चंद्राच्या अंगणातले खड्डे

मुलांनो, गेल्या वर्षी आमच्या शाळेची सहल लोणारला गेली होती. सरोवराच्या काठावर चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, असा दगड पुन्हा कधी पडणार गं?" मी म्हटलं, "आधी डबा खा." खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं!

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. पण पृथ्वीवर अशी ओळखू आलेली विवरं जेमतेम दोनशे. बाकीची ऊन, पाऊस आणि नद्यांनी केव्हाच पुसली. म्हणून हिशेब करायचा तर चंद्रावर. तिथं ना वारा, ना पाऊस.

धुळीच्या अंगणात पावसाचे टपोरे थेंब पडले की बारीक खळगे होतात ना? खळगे जास्त, म्हणजे अंगण झाडून बराच वेळ झाला. पण किती वेळ? त्यासाठी थेंब किती वेगानं पडत होते, ते कळायला हवं. इथं उपयोगी पडले १९६९ ते १९७२ मध्ये अपोलो यानांनी आणलेले ३८२ किलो दगड. त्यांचं वय प्रयोगशाळेत काढता आलं. चंद्रावरचे काळे सपाट भाग म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यातले बरेचसे निघाले ३०० ते ३८० कोटी वर्षांचे. शेजारचे उजळ डोंगराळ भाग त्यांच्याहून तुलनेनं थोडेच जुने, पण विवरं मात्र कितीतरी पटींनी जास्त! म्हणजे सुरुवातीला दगडांचा नुसता मुसळधार पाऊस होता आणि मग तो ओसरला. मधल्या काळातला नमुनाच नव्हता. तो चीनच्या चांग-ई ५ यानानं २०२० मध्ये आणला, सुमारे २०० कोटी वर्षांचा.

पुढची गंमत ऐका. ताज्या विवराभोवती मोठे धोंडे असतात. ते रात्रीही दिवसाची ऊब धरून ठेवतात. बारीक उल्कांच्या माऱ्यानं त्यांचा हळूहळू भुगा होतो आणि ऊब जाते. ही ऊब मोजून २०१९ मध्ये शास्त्रज्ञांनी सांगितलं, की सुमारे २९ कोटी वर्षांपूर्वी हा मारा अडीच पटींहून अधिक वाढला. सगळ्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे.

त्या मुलीला मी एवढंच सांगितलं, की तारीख नाही सांगता येत. पण मोठे दगड लाखो वर्षांतून एखादा, छोटे मात्र रोजच. ती म्हणाली, "मग मी मोजते." मोजायचेच तर पौर्णिमेला नको हं! शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी दुर्बीण लावा. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, आणि दक्षिणेकडे विवरांची नुसती गर्दी दिसते.