समुद्र ओलांडताना वय काय होतं?

वसईतल्या नंदाखालच्या एका आजींनी फोनवर विचारलेला प्रश्न घेतो. मुलगा-सून ब्रॅम्प्टनला, नातू तिथेच जन्मलेला. त्याला ऐन कॉलेजच्या वयात अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याचा दाह, निघाला. "डॉक्टर, आमच्या सात पिढ्यांत हे दुखणं नाही. पोराला तिकडचं पाणी बाधलं का?" वसईत गल्फ, कॅनडा, ऑस्ट्रेलियात कुणी नाही असं घर शोधावं लागेल, तेव्हा प्रश्न एकट्या आजींचा नाही.

लेस्टरपासून सुरुवात करतो. १९७२ साली इदी अमीनने युगांडातल्या आशियाईंना ९० दिवसांत देश सोडायला लावला आणि त्यातले हजारो गुजराती इंग्लंडमधल्या या गावी येऊन राहिले. एकच शहर, नळाचं पाणी तेच, इस्पितळंही तीच. प्रोबर्ट, जयंती, मेबेरी यांनी तिथल्या नोंदी चाळून १९९२ मध्ये 'गट' या नियतकालिकात निष्कर्ष छापले : कोलायटिसचं प्रमाण हिंदूंमध्ये गोऱ्यांच्या सुमारे दुप्पट, शिखांमध्ये त्याहूनही जास्त. मुसलमानांत मात्र जवळपास गोऱ्यांइतकंच. नुसत्या पाण्याला दोष द्यायचा, तर हा फरक कुठून आला?

मग रक्तात होतं म्हणावं? तेही पुरत नाही. क्रोन्स हा कोलायटिसच्याच भावकीतला आतड्याचा आजार. त्याच्या युरोपीय रुग्णांत २००१ साली नॉड-२ या जनुकातले बदल सापडले तेव्हा मोठा गाजावाजा झाला. आपल्याकडच्या रुग्णांत ते ठळक बदल जवळपास दिसतच नाहीत. म्हणजे आपला कल निराळ्या जनुकांतून येतो. आणि कल असला तरी तो डोकं वर काढेलच असं नाही.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो कॅनडातल्या ओंटारियोचा अभ्यास. ब्रॅम्प्टन याच प्रांतात येतं. २०१५ साली बेंचिमोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांत हे दोन्ही आजार तिथल्यांपेक्षा कितीतरी कमी, वर्षाला लाखामागे ७.३ विरुद्ध २३.९. पण येतानाचं वय जितकं लहान तितका धोका जास्त; दर दहा वर्षांमागे सुमारे १४ टक्के. आणि दक्षिण आशियातून आलेल्यांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांत धोका तिथल्या इतर मुलांएवढाच. आजींचा मुलगा तिशीत तिकडे गेला, त्याची आतडी इथल्या मातीत, इथल्या जंतूंबरोबर वाढलेली. नातवाची घडण पहिल्या दिवसापासून तिकडची. आतड्यातले जंतू आणि प्रतिकारशक्ती यांची ओळख पहिल्या काही वर्षांत पक्की होते. त्या काळातली अँटिबायोटिक्स, डबाबंद खाणं, घरातली स्वच्छता यांपैकी नेमकं कशाचं माप किती, याचा वाद अजून चालू आहे. पण लहानपण कुठे गेलं याला वजन आहे, हे मी ठामपणे सांगेन.

आता 'सात पिढ्यांत नाही' याबद्दल. लुधियानात सूद आणि सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन पाहणी केली, २००३ मध्ये छापली : लाखामागे ४४.३ जणांना कोलायटिस. म्हणजे आजार इथेही होता, त्याला नाव मिळत नव्हतं. आजोबांच्या काळी रक्त पडलं की रक्ती आव म्हणायचे. आजही विरार लोकलच्या डब्यात 'मूळव्याध, भगंदर, बिना ऑपरेशन' अशी स्टिकर वाचत पोरं अंगावर काढतात आणि मलम लावत बसतात. क्रोन्सची तऱ्हा तर याहून अवघड : लहान आतड्याच्या टोकाला जखम दिसली की टीबीचाच संशय आधी येतो, आणि आपल्या भागात तो रास्तही असतो. सहा महिने एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, घेऊनही जखम भरली नाही की मग क्रोन्सचा विचार होतो.

आजींनी शेवटी विचारलं, नातवाच्या धाकट्या बहिणीची तपासणी करावी का? सख्ख्या भावंडांत धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तरी ती धडधाकट असेल तर दुर्बिणीच्या तपासणीची (स्कोपी) काही गरज नाही. पण तीन-चार आठवडे जुलाब हटले नाहीत, रक्त पडलं किंवा वजन उतरायला लागलं, तर घरच्या डॉक्टरांना भावाचा आजार आधी सांगायचा आणि शौचाची, आतड्याची सूज दाखवणारी कॅलप्रोटेक्टिन तपासणी मागून घ्यायची.