शिंग फुंकायचं की हाणायचं?

आपल्याकडे रणशिंग फुंकलं की लढाईला तोंड लागतं. फुंकणारा मात्र लढणाऱ्यांपैकी असतोच असं नाही. त्याचं काम हवा तापवण्याचं. पुढची हाणामारी तलवारवाल्यांची. एका जपानी व्हिडिओ गेमनं ही वाटणी मोडून काढली आहे. तिथं शिंगवाल्यालाच आपलं शिंग उचलून समोरच्या श्वापदाच्या टाळक्यात घालावं लागतं, आणि घालता घालताच त्यातून धून काढावी लागते. ही कला कशी साधते, आणि ती इतकी अवघड का ठेवली आहे, त्याबद्दल आज थोडं बोलायचं आहे.

गेमचं नाव 'मॉन्स्टर हंटर'. ओसाका शहरातल्या कॅपकॉम कंपनीनं २००४ साली तो प्रथम आणला. नाव ऐकून दचकू नका; खेळ साधा आहे. जास्तीत जास्त चार शिकारी एकत्र निघतात आणि रानात, वाळवंटात किंवा बर्फात एखादं घराएवढं श्वापद गाठतात. चार घरांत बसलेली, एकमेकांना कधी न भेटलेली चार माणसंही ऑनलाइन असा चमू करू शकतात. बहुतेक मोहिमांना पन्नास मिनिटांची मुदत असते. श्वापदाचं बळ किती उरलं आहे हे दाखवणारी पट्टी स्क्रीनवर नसते. त्याच्या लंगडण्यावरून, धापा टाकण्यावरून आपण ताडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम असा की बेशुद्ध पडण्याचा हिशेब चौघांचा मिळून एकच. साधारणपणे तीन वेळा कुणीही पडलं की मोहीम बुडाली. मग एकच जण तीनदा पडो, की तिघं एकेकदा पडोत. एकाच्या धांदरटपणाची किंमत चौघं मोजतात.

शिकाऱ्यांसाठी आज चौदा प्रकारची हत्यारं आहेत. लांब तलवारी, धनुष्यं, हातोडे, ढाल-भाला, बंदुका. त्यांतच एक 'हंटिंग हॉर्न', म्हणजे शिकारीचं शिंग. २००६ साली जपानात आलेल्या मालिकेतल्या दुसऱ्या मुख्य गेमपासून ते दिसू लागलं. शिंग म्हटलं तरी ते आपल्या तुतारीसारखं सडपातळ नव्हे. माणसाच्या उंचीचं धूड असतं ते. एक नमुना तर चक्क लोखंडी बॅगपाइपचा आहे, आणि नवशिक्याच्या हाती बहुधा तोच पडतो. मारलेल्या श्वापदाच्या हाडा-कातड्यातून पुढची शिंगं घडवायची. प्रत्येक शिंगाला तीन सूर, आणि त्या तीन सुरांच्या वेगवेगळ्या जुळणीतून निघणाऱ्या ठरावीक धुनी.

या धुनींनी चमूला बळ येतं. एका धुनीनं सगळ्यांचा मार वाढतो, दुसरीनं जखमा भरतात, तिसरीनं दम लवकर संपत नाही. डायब्लोस नावाचं शिंगाळं श्वापद वाळवंटात राहतं. त्याची डरकाळी इतकी भयंकर की शिकारी कानांवर हात ठेवून जागच्या जागी उभा राहतो, आणि तेवढ्यात ते अंगावर धावून येतं. योग्य धून चालू असेल तर कान बधिर होत नाहीत, पाय मोकळे राहतात. कुशाला दाओरा नावाचं पोलादी अंगाचं श्वापद वाऱ्याच्या झोतानं माणसाला मागे रेटतं. त्यावरही धुनीचा उतारा आहे. चौघांपैकी कुणाही एकाच्या हातात शिंग असलं, तरी ऐकण्याच्या टप्प्यातल्या सगळ्यांना लाभ मिळतो.

एवढं ऐकल्यावर नवशिका काय करतो? श्वापदापासून चार हात लांब उभा राहतो आणि वाजवत बसतो. आपण साथ करणारे, आपलं काम मागं राहून वाजवण्याचं, अशी त्याची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे आणि ती आकड्यांतच दाखवता येते. समजा, धुनीमुळे प्रत्येकाचा मार दहा टक्क्यांनी वाढला. तिघा साथीदारांचा मिळून एका माणसाच्या तीस टक्के एवढा फायदा झाला. पण शिंगवाला स्वतः हात बांधून उभा राहिला, तर त्याचे शंभर टक्के बुडाले. शिवाय अलीकडच्या गेममध्ये चमूत माणसं वाढली की श्वापदाचं बळही त्या प्रमाणात वाढवलेलं असतं. म्हणजे नुसता वाजवणारा चौथा गडी आला, तर तो नसता तर बरं झालं असतं अशी पाळी येते. दुसऱ्या टोकाचा नवशिका शिंग म्हणजे हातोडाच समजून नुसता बडवत सुटतो. त्यानं मग सरळ हातोडाच घ्यावा. तो जास्त जोरात लागतो.

खरी मेख अशी की या हत्यारात मारणं आणि वाजवणं वेगळं नाहीच. प्रत्येक टोला हाच एक सूर. आपल्या लेझमीसारखं आहे हे. लेझीम हातात धरून नुसती उभी राहिलेली मुलगी आवाज काढू शकत नाही. हात हलला, पाय पडला की नाद येतो. पाऊल चुकलं तर ताल गेला, आणि ताल गेला तर रांग मोडली.

आता थोडं हाताच्या कामाकडे वळू. २०१८ साली आलेल्या 'मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड' या गेमचं उदाहरण घेतो. प्लेस्टेशनवर त्रिकोणाचं बटण दाबलं की डावीकडचा टोला बसतो आणि शिंगाचा पहिला सूर लागतो. वर्तुळाचं बटण म्हणजे उजवीकडचा टोला आणि दुसरा सूर. दोन्ही एकदम दाबली की शिंग डोक्यावरून पाठीमागं आदळतं. तो तिसरा सूर. पाश्चात्त्य संगीतात सूर लिहायला रेघा असतात तशी एक पट्टी स्क्रीनवर असते. लागलेले सूर तिथं ओळीनं उमटतात. पट्टीत चार सूर मावतात. पाचवा आला की पहिला बाहेर. ठरावीक जुळणी पूर्ण झाली की ती धून साठवणीत जाते, अशा तीन धुनी साठवता येतात, आणि मग वेगळं बटण दाबून त्या वाजवायच्या.

तिसरा सूर पाठीमागं आदळतो हे नीट लक्षात घ्या, कारण सगळी गंमत तिथं आहे. धुनीत तिसरा सूर हवा असेल, तर तो लागण्याच्या क्षणी श्वापद तुमच्या पाठीशी असायला हवं. नाहीतर सूर लागतो, पण टोला हवेत जातो. म्हणजे धून ठरवते तुम्ही कुठं उभं राहायचं, कुठल्या अंगाला वळायचं. श्वापद काही तुमच्या चालीनं चालत नाही. ते झेप घेतं, शेपूट फिरवतं, मध्येच पळ काढतं. मुरलेला शिंगवाला श्वापदाची पुढची हालचाल ओळखून सूर निवडतो. आत्ता ते डावीकडे मान वळवेल, म्हणजे इथं पहिला सूर. मग ते मला ओलांडून पुढं जाईल, तेव्हा तिसरा. तबलजी गायकाची समेवर येण्याची तयारी आधीच ओळखतो, तसंच काहीसं.

धुनी तोंडपाठ हव्यात हे ओघानं आलं. पण सगळ्या नकोत. हातातल्या शिंगाच्या यादीतल्या कामाच्या तीन धुनी पाठ करा, बाकीच्या सध्या सोडून द्या. त्यांतली पहिली मात्र ठरलेली आहे. शिंगाचा पहिला सूर दोनदा लावला की जी धून होते, ती फक्त वाजवणाऱ्यासाठी असते. तिच्यामुळे एरवी शिंग उपसून रखडत चालणारा शिकारी झपझप चालू लागतो आणि कडक कवचावर आपटून टोला परत उसळणं थांबतं. ती चालू असल्याशिवाय पुढचं काही जमत नाही. मला तर वाटतं, नवशिके हे हत्यार सोडून देतात ते निम्म्या वेळा केवळ ही एक धून वेळेवर न वाजवल्यामुळे. पुढची युक्ती अशी की आधीच्या धुनीचा शेवटचा सूर हाच पुढच्या धुनीचा पहिला सूर धरता येतो. त्यामुळे तीन धुनींसाठी दहा-बारा टोले मोजत बसावं लागत नाही. कुठली धून कुठल्या धुनीला जोडून येते, हे कागदावर मांडून पाहिलं तर लवकर उमगतं.

वाजवायचं केव्हा? धून ठरावीक काळच टिकते, म्हणून ती संपायच्या बेतात असताना नव्यानं वाजवावी लागते. आणि लगेच दुसऱ्यांदा वाजवली तर परिणाम अधिक भरतो. शिकारीआधी तळावर, श्वापद एका जागेहून दुसरीकडे उडून जातं तेव्हा, ते सापळ्यात अडकतं तेव्हा, अशा मोकळ्या वेळा आहेतच. पण वाजवतानाही शिंग फिरतं आणि त्याचा मार लागतो, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. म्हणून लांब जाऊन वाजवण्यापेक्षा श्वापदाच्या तोंडासमोर वाजवलेलं चांगलं. शिंग बोथट हत्यार आहे. त्यानं शेपटी तुटत नाही. ते काम तलवारवाल्यांचं. पण डोक्यावर टोले बसत गेले की श्वापद भोवंडून कोसळतं आणि काही क्षण चौघांनाही मोकळं रान मिळतं. हातोडेवाला सोबत असेल तर डोक्यापाशी थोडी दाटी होते, ती सांभाळून घ्यायची.

हे हत्यार आज आहे तसं पहिल्यापासून नव्हतं. सुरुवातीच्या गेममध्ये वाजवण्यासाठी खरोखरच थांबावं लागे. लढाई सोडून वेगळा पवित्रा घ्यायचा, जागेवर उभं राहून बटणांनी एकेक सूर लावायचा. लांब उभं राहून वाजवण्याची नवशिक्यांची खोड तेव्हाचा नियमच होती म्हणा ना! २००९ सालच्या 'ट्राय' या गेममधून तर शिंग गाळलंच होतं. २०१० साली 'पोर्टेबल थर्ड'मध्ये ते परतलं तेव्हा टोल्यातूनच सूर लागू लागले, आणि माझ्या मते हे हत्यार खऱ्या अर्थानं तेव्हा जन्मलं. ते दिवस हातात मावणाऱ्या पीएसपी यंत्रांचे होते. जपानात पोरं कॉफीच्या दुकानांत, स्टेशनांवर समोरासमोर बसून ही शिकार करत. कुणाची धून कुणाच्या कामी आली, हे तिथं तोंडावरच कळे.

मग २०२१ साली आलेल्या 'राइज'मध्ये कॅपकॉमनं शिंग फारच सोपं केलं. एकच सूर लागोपाठ दोनदा लावा, त्या सुराला नेमून दिलेली धून आपोआप वाजेल. तीन सूर, तीन परिणाम, पाठांतर नाही. पूर्वी या हत्याराला हात न लावणारे पुष्कळ जण त्यामुळे शिंगाकडे वळले. हा फायदा नाकारता येत नाही. जुने शिंगवाले मात्र खट्टू झाले. त्यांची तक्रार नुसती हेकेखोरीची नव्हती. सुरांची जुळवाजुळव गेली तशी पुढचा सूर कोणता आणि त्यासाठी मी कुठं असायला हवं, हा सततचा विचारही गेला. लेझमीच्या जागी खुळखुळा हाती आल्यासारखं झालं. मी स्वतः जुन्या लोकांच्या बाजूचा आहे, पण ज्या मुलाला 'राइज'मुळे पहिल्यांदा चार अनोळखी लोकांत आपला उपयोग आहे असं वाटलं, त्याला मी काय सांगणार?

२०२५ च्या फेब्रुवारीत आलेल्या 'वाइल्ड्स'मध्ये सुरांची जुळणी परत आली आहे, आणि सोबत एक नवी गोष्ट. आता शिंगवाला जमिनीवर नादाचा एक बुडबुडा ठेवू शकतो. त्या वर्तुळात उभं राहून वाजवलं की बुडबुडाही घुमतो आणि आत सापडलेल्या श्वापदाला जादा मार बसतो. म्हणजे आता कुठल्या सुराला कुठं उभं राहायचं एवढंच नव्हे, तर दोन मिनिटांनी लढाई कुठल्या जागी रंगेल याचाही अंदाज बांधायचा. बुडबुडा एकीकडे आणि श्वापद दुसरीकडे, हे दृश्य पहिले काही दिवस हमखास दिसतं.

ज्याला सुरुवात करायची आहे त्यानं सराव मैदानात तासभर घालवावा. समोर न हलणारा खांब असतो. त्याला पाठ करून, डावीकडून, उजवीकडून, एकही टोला वाया न घालवता तीन धुनी पुऱ्या करता येतात का, ते पाहावं. ते जमलं की लहानसं श्वापद घ्यावं, एकट्यानंच. आणि चौघांत गेल्यावर बोलण्याची गरज पडत नाही. धून वाजली की परिणामाचा संदेश प्रत्येकाच्या स्क्रीनवर उमटतो. पळून जाऊन औषध पिण्याच्या बेतात असलेला अनोळखी गडी मागे वळतो आणि पुन्हा तलवार उपसतो.